फोटोतली खोली

धायरी, पुणे
१४ ऑगस्ट २०२५

शेफाली,

तुझ्या लक्षात नसेल, म्हणून आधी ओळख करून देते. मी सरुबाई. तुझ्या बापाची आई. धायरीत तळमजल्यावर राहते. तुझी आई गेल्यावर तुझं लहानपण माझ्या कडेवर गेलं; मला आठवतं, तुझं तू बघ. अडीच महिने झाले, फोनवर ‘आजी, मीटिंग आहे’ याच्यापुढे तुझी गाडी सरकली नाही. म्हणून हे पत्र. पत्र मधेच कापता येत नाही.

मला अक्षर येत नाही हेही विसरली असशील. लिहून घेतायत वरच्या मजल्यावरच्या पद्मजाताई. जन्म कसबा पेठेतला, नोकरी मास्तरणीची. माझं बोलणं इस्त्री करूनच कागदावर उतरवतात. (‘हाय’चे ‘आहे’ केले आहे. बाकी शब्द जसेच्या तसे, त्यांची जबाबदारी माझी नाही. — पद्मजा) लिहून झालं की पानाचा फोटो काढून तुला पाठवतील. तू लिहिशील ते त्यांच्याच फोनवर येऊ दे, त्या वाचून दाखवतील.

तर. काल दलाल आला होता, आपला दिग्विजय. चकचकीत कागदावर छापलेले घराचे फोटो दिले. म्हणाला, “आजी, शेफालीताईंनी स्वतः केलेत.” बघितले. छान आहे घर. कोणाचं आहे?

बाहेरच्या खोलीत राखाडी सोफा. कोपऱ्यात मोठ्या पानांचं झाड. टेबलावर हिरव्या सफरचंदांची परडी. दिग्विजयला म्हटलं, त्यातलं एक काढून दे बाबा, उपास आहे. तो हसला. आतल्या खोलीत पांढरा पलंग, खुर्ची, खुर्चीवर पिवळी उशी. शेफाली, ती आतली खोली तुझ्या बापाची. अर्धं अंग गेल्यावर रामदास दोन वर्षं त्या खोलीत होता. भिंतीला डोकं टेकून बसायचा, तिथे तेलाचा डाग पडला होता, ताटलीएवढा. फोटोत तो नाही. सहा महिने झाले, मी ती भिंत पुसायची म्हणून फडकं ओलं करते आणि तसंच परत वाळत घालते. तू बंगलोरला बसून पुसलास. हात दुखला नसेल.

घर विकायचं आणि मी तुझ्याकडे यायचं, असं तू ठरवलंस. मी हो म्हटलं. हो मागे घेत नाही. पण घरं अशी विकतात का हल्ली, ते कळव.

तुझी आजी


बेंगळुरू
१९ ऑगस्ट २०२५

आजी,

विसरले नाही. काम असतं.

त्याला व्हर्च्युअल स्टेजिंग म्हणतात. रिकाम्या खोलीचा फोटो येतो, मी कॉम्प्युटरवर त्यात फर्निचर बसवते. रिकामी खोली लोकांना लहान वाटते, आपण तिथे राहू असं डोळ्यांसमोर येत नाही. म्हणून. फसवणूक नाही. ‘सजावट काल्पनिक’ असं खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

दिवसाला वीस-पंचवीस खोल्या भरते. ठाण्याच्या, इंदूरच्या, कुठल्याही. आपलं घर आलं तेव्हा तीही एक फाइल होती. सतरा मिनिटं लागली. भिंतीवरचे डाग आम्ही सगळ्यांचेच काढतो. तो बाबांचा आहे हे तुझ्या पत्रातून कळलं. फेब्रुवारीत मी नऊ दिवस होते ना, तेव्हा त्या खोलीत गेलेच नव्हते. तुला माहीत आहे.

तू विचारशील की फोटो करताना काय वाटलं. काही नाही. जेवणाची वेळ झाली म्हणून फाइल बंद केली.

इथे दोन खोल्या आहेत. एक तुझी. लोक घर बघायला येतील तेव्हा जास्त बोलू नकोस. दिग्विजय बोलेल.

शेफाली


धायरी
४ सप्टेंबर २०२५

शेफाली,

बोलू नकोस म्हणालीस, म्हणून बोलले नाही. फक्त विचारलं त्याचं उत्तर दिलं.

पहिलं कुटुंब आलं ते हातात फोन धरूनच. एकदा फोनकडे, एकदा खोलीकडे. नवरा म्हणाला, “सोफा कुठाय?” म्हटलं, “बंगलोरला.” बायको म्हणाली, “आणि ते झाड?” म्हटलं, “तेही तिकडंच. पाणी घालायला माझी नात असते.” दिग्विजय माझ्याकडे डोळे वटारून बघतोय आणि हसतोय, दोन्ही एकदम. त्याच्या धंद्यात जमतं ते.

दुसरे आले, तिसरे आले, चौथे आले. पाणी पिऊन गेले. पाणी आपल्याकडचं चांगलं आहे असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.

बारीक अक्षरात लिहिलेलं असतं म्हणतेस. मला जाड अक्षरही वाचता येत नाही, म्हणून मी तोंडाने सांगते. चाळीस वर्षं मंडईत वांगी विकली. गिऱ्हाइकाने मागितलं की पाटी उपडी करायची, तळातलं वर येऊ द्यायचं. वर वर चांगली मांडणारे पुष्कळ होते माझ्या शेजारी. त्यांची विक्री माझ्याहून चांगली व्हायची, हेही खरं.

तू बरी आहेस ना? तुझ्या पत्रात सगळी वाक्यं उभी आहेत, एकही बसलेलं नाही.

आजी

(आजी दार उघडायला गेल्या आहेत, तेवढ्यात लिहिते. ‘विचारलं त्याचं उत्तर’ म्हणजे काय, ते आपल्याला कळावे. प्रत्येकाला आतल्या खोलीत नेऊन सांगतात : “माझा मुलगा इथं दोन वर्षं पडून होता. अकरा फेब्रुवारीला सकाळी इथंच गेला. डोकं या बाजूला होतं.” कोणीही न विचारता. मग पाणी देतात. — पद्मजा)


बेंगळुरू
८ सप्टेंबर २०२५

आजी,

चार जण परत गेले, दिग्विजयही तेच म्हणाला. हे सगळं त्यांना सांगायची काय गरज होती? लोक घर बघायला येतात, तेराव्याला नाही.

लागलं असेल तर सॉरी. पण मला ते घर संपवायचं आहे. दिवसभर मी लोकांच्या घरांत खुर्च्या ठेवते आणि संध्याकाळी दिग्विजयचा मेसेज येतो की आजींनी पुन्हा सांगितलं. माझ्याकडे यावर बोलायला काही नाही. असतं तर बोलले असते.

सोबत फोटो पाठवते. ही तुझी खोली. तयार आहे. पद्मजाकाकू, तिला मोठा करून दाखवा प्लीज.

शेफाली


धायरी
१६ सप्टेंबर २०२५

शेफाली,

मोठा करून म्हणालीस, तर पद्मजाताईंनी काय करावं? बुधवार पेठेत जाऊन वहीच्या पानाएवढा छापून आणला. (बसने गेले, बसने आले. पायीही गेले असते. — पद्मजा) देव्हाऱ्याशेजारी लावलाय. सोसायटीतल्या सगळ्या बायकांना दाखवून झाला. पलंग बुटका आहे, माझ्या गुडघ्यांचा विचार केलास. खिडकीत तुळस आहे. भिंतीला छोटा देव्हाराही. खुर्ची आहे, पण तिच्यावर मी कधी बसेन असं वाटत नाही. तू ये आणि बस, मी पलंगावरून बोलेन.

तेराव्याचं म्हणालीस ते लागलं नाही. खरं म्हणजे जरा बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्यावर चिडलीस.

तू पाठवलेली खोली बघितली आणि आता बोलायचं नाही म्हणून मी पदर तोंडाला लावला. परवा एक जोडपं आलं, आमोद आणि अस्मिता. त्यांच्यापुढे गप्प बसले. दिग्विजयला इतका संशय आला की त्याने मला बरं नाही का म्हणून विचारलं. आतल्या खोलीच्या दारात ती मुलगी म्हणाली, “आजी, इथे कोण राहायचं?” म्हटलं, “मुलगा.” “आता कुठे असतात?” म्हटलं, “नसतात.” तेवढंच. तिने उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि मग आत गेली. बाकी घरभर चपला घालूनच फिरली होती. मला ती पसंत पडली.

त्यांनाही घर पसंत आहे. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी, तीन ऑक्टोबरला, रजिस्टर कचेरीत जायचं. मी अंगठा लावला की झालं. माझा तागडी-काटा सोसायटीच्या वॉचमनच्या बायकोला दिला, ती कोपऱ्यावर भाजी घेऊन बसते. पाटा उचलून न्यायला कोणी तयार नाही. पितळेची घागर पद्मजाताई नको नको म्हणत घेऊन गेल्या. (सांभाळायला आणली आहे. — पद्मजा)

आता कळव : माझ्या खोलीत ऊन कधी येतं? न्हाणी किती पावलांवर? रात्री उठावं लागतं मला.

आजी


बेंगळुरू
१९ सप्टेंबर २०२५

आजी,

ऊन सकाळी येतं. बाथरूम जवळच आहे. तीन तारखेचं झालं की तिकीट काढते.

शेफाली


धायरी
३० सप्टेंबर २०२५

शेफाली,

पद्मजाताईंना सांगितलं, आज इस्त्री नको. मी बोलते तसं लिवा.

दोन फोटो हायेत माझ्याकडं. एक दिग्विजयनं दिलेला, आपल्या घराचा, जे घर असं कधी नव्हतं. दुसरा तू पाठवलेला, माझ्या खोलीचा. वाचता येत नाय म्हणून मी बघत बसते. तुमी लोक चित्र बघता आणि पान उलटता. मी बघतच राहते, दुसरं काय करू.

परवा माझ्या खोलीतल्या खुर्चीवरची पिवळी उशी बघितली. डाव्या कोपऱ्याला चुणी हाय, आडवी जाऊन खाली वळलेली. मग घराच्या फोटोतली उशी बघितली, तुज्या बापाच्या खोलीतली. तीच चुणी. तितकीच. म्हटलं, माझे डोळे गेले असतील. मग मंडईतल्यासारखं एकेक जुळवलं. पलंगावरची चादर दोन्हीकडं एकाच जागी लोंबते. खुर्ची तीच. खिडकीतल्या तुळशीला ऊन लागलंय, पण तिची सावली पडत नाय. एक वांगं दोनदा माझ्या पाटीत आलं असतं तरी मी ओळखलं असतं, पोरी. ही तर खुर्ची हाय.

तर ती खोली बंगलोरला नाय. तुज्या कॉम्प्युटरात हाय. तिथं मला निजता येणार नाय.

मी ओरडत नाय. पद्मजाताईंना विचार, आवाज चढलेला नाय. पण अंगठा मी देणार नाय. आज दिग्विजयला सांगितलं, आमोद आणि अस्मिताला पण बोलावून सांगितलं. ती पोरगी म्हणाली, “घर सोडवत नाही ना आजी?” म्हटलं, घराचं नाय गं. माझी नात कुठं निजते ते मला ठाऊक नाय. ते कळल्याबिगर मी हे दार कुणाला देऊ? तिला यायचं झालं तर ती कुठं येईल?

जिथं राहतेस तिथला फोटो पाठव. आवरू नकोस.

आजी

(जसे बोलल्या तसे लिहिले. — पद्मजा)


बेंगळुरू
२४ ऑक्टोबर २०२५

आजी,

दिवाळीला फोन उचलला नाही. चार वेळा आला होता, दिसत होता.

फोटो पाठवला आहे. एकच खोली आहे. पहिल्यापासून एकच. खिडकी उघडली की समोरच्या बिल्डिंगची भिंत, हात लांब केला की लागेल एवढी. ऊन येत नाही. बाथरूम जवळ आहे, एवढं खरं लिहिलं होतं.

तुला बोलवायचं म्हणून दोन खोल्यांचं घर बघणार होते. तीन शनिवार ठरवले. एकदा चपला घालून दारापर्यंत गेले आणि मग कॉटवर बसले, तशीच, चपला घालून, अंधार पडेपर्यंत. वाईट वाटत होतं असंही नाही. उठायचं कशासाठी ते आठवत नव्हतं. ऑफिसचं काम मात्र होतं. कोणी रिकामी खोली पाठवली की हात आपोआप चालतात.

मग तुझी खोली केली. अकरा मिनिटं लागली. पलंग बुटका शोधला. देव्हारा आमच्या सामानात नसतो, तो मी वेगळा बनवला. आजी, तेवढी अकरा मिनिटं मला बरं वाटलं होतं. मी तुला फसवायला बसले नव्हते. पाठवताना कळलं की फसवते आहे, तरी पाठवला.

आणि घर. ते विकलं गेलं की तिथे जायचं राहिलंय असं वाटणार नाही, असं मला वाटलं. बाबा आजारी होते तेव्हा मी दोन वर्षांत पाचदा आले. पाचही वेळा दारातून बोलले. ते भिंतीला टेकून असायचे आणि म्हणायचे, “आत ये की.” मी म्हणायचे, “आले, फोन आहे.” फोन नसायचा.

हे पद्मजाकाकू तुला मोठ्याने वाचून दाखवतील. दाखवू देत.

शेफाली


धायरी
१ नोव्हेंबर २०२५

शेफाली,

पद्मजाताईंनी वाचलं. शेवटी शेवटी त्यांचा चष्मा खराब झाला, पुसून पुन्हा वाचलं. (चष्मा जुना आहे. — पद्मजा)

फोटो पोचला. तोही छापून आणवला. आधीचे दोन्ही काढून टाकले, हा लावला. बायका विचारतात, हे काय सरुबाई? म्हणते, माझ्या नातीची खोली. “अहो, पण हे…” म्हणते, हो, पसारा आहे. माणूस राहतं तिथे.

रोज बघते. कॉटखाली तुझी निळी बॅग दिसते, फेब्रुवारीत इकडे आणलेली. चेनही उघडलेली नाही. तीन कप आहेत, तिन्ही तूच प्यायलेले. खिडकीच्या दांडीवर एक टॉवेल. आणि कोपऱ्यात शेगडी आहे, तिच्यावर कॉम्प्युटरची पिशवी ठेवली आहेस. पिशवीवर धूळ नाही, शेगडीवर आहे. बाकी काही विचारायची मला गरज पडली नाही.

आता माझं ऐक. मी तुला पाटी उपडी करायच्या गोष्टी सांगितल्या. ते सगळं खरं, पण त्या चार कुटुंबांना मी रामदासचं सांगत होते ते खरेपणासाठी नव्हतं. ती जावीत म्हणून सांगत होते. तोंडाने तुला हो म्हटलं होतं, ते मागे घ्यायचं नव्हतं. म्हणून मेलेल्या लेकाला दारात उभं केलं आणि गिऱ्हाईक घालवलं. तू डाग पुसून घर विकत होतीस, मी डाग दाखवून विकू देत नव्हते. आपल्या दोघींत कोण जास्त लबाड, ते पद्मजाताई ठरवतील. (मी मत देणार नाही. — पद्मजा)

आमोद आणि अस्मिताने नऱ्हेला घर घेतलं. मुलगी सांगायला आली होती. तिला चहा दिला. दिग्विजय महिनाभर बोलणार नाही माझ्याशी, तेवढीच शांतता. फाटकावरची ‘विकणे आहे’ची पाटी त्यालाच काढायला लावली. घर आहे तसं आहे. आतली खोली मी बंद केलेली नाही आणि सजवलेलीही नाही. तू ये असं मी म्हणत नाही. आलीस तरी दारातून बोललीस तर चालेल. फोन नसायचा हे तुझ्या बापालाही कळत होतं. मला म्हणायचा, “आई, तिला भीती वाटते. मी हाक मारत राहतो, एखाद दिवस येईल.” तो तुझ्यावर रागावून गेला नाही. हे मी फेब्रुवारीतच सांगायला हवं होतं. तू विचारलं नाहीस आणि मी, एरवी न विचारता सगळ्यांना सगळं सांगणारी, हेच सांगितलं नाही. का, ते मलाही सांगता येणार नाही. माझंही काहीतरी थिजलं असणार.

पत्र लिहायचं तर लिही, नाही लिहिलंस तरी हरकत नाही. एक काम मात्र करायचं. शेगडीवरची पिशवी खाली उतरव. पाव किलो शेंगदाणे आण आणि मंद आचेवर भाज. समोरून हलायचं नाही, फोन लांब ठेवायचा. साली हाताने चोळून काढ, लसूण स्वतः सोल, मीठ-तिखट घालून चटणी कूट. खलबत्ता नसेल तर वरवंट्यासारखं काही शोध, मिक्सरमध्ये पीठ करू नकोस. करपली तरी चालेल, खारट झाली तरी चालेल. विकतची पाठवलीस तर पहिल्या घासाला ओळखेन. घट्ट झाकणाच्या डब्यात भर, वर कागद लाव आणि कुरियरने पाठव. अर्धी पद्मजाताईंना द्यायची आहे, म्हणून तिखट जरा हात राखून घाल.

आजी